शनिवारी भरलंच पाहिजे असं घर

गेल्या गणपतीत अलिबागजवळच्या माझ्या माहेरी आरती आटोपल्यावर ओटीवर वाद पेटला. एका बाजूला माझा भाचा. पुण्यात आयटीत नोकरी, दोन वर्षांपूर्वी गृहकर्ज काढून शेजारच्या गावात बंगला घेतला आणि अॅपवर टाकून तो शनिवार-रविवारी भाड्याने देतो. दुसऱ्या बाजूला चुलत भावाचा मुलगा, वयाने धाकटा. वडिलोपार्जित वाडीत नारळी-पोफळींच्या मध्ये त्याने दोन खोल्या काढल्या आहेत. पर्यटक ठेवतो, बायको आणि आई त्यांना जेवू घालतात. धाकटा म्हणाला, "दादा, तुम्ही बाहेरच्यांनी गाव विकत घेतलंत." थोरला म्हणाला, "विकलं कोणी? मी कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवली होती का?" दोघांचे पणजोबा एकच. आडनाव एक, देव्हारा एक. तरी त्या रात्री एक 'बाहेरचा' ठरला आणि दुसरा 'गाववाला'.

हा वाद आता ओटीपुरता राहिलेला नाही. गोव्यात, मालवण-तारकर्लीत, लोणावळ्यात, जिथे जिथे शहरातला पैसा समुद्र किंवा डोंगर शोधत येतो तिथे तो याच दोन वाक्यांत अडकतो. एक बाजू अस्मितेची, दुसरी बाजाराची. मी सत्तावीस वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काढली, आणि मला दोन्ही बाजू चुकीच्या ठिकाणी बोट ठेवताना दिसतात. मालकाचं आडनाव कुठलं, याने गावाचं बरंवाईट ठरत नाही. त्या घरावर कर्ज किती आहे आणि मालक रात्री कुठे झोपतो, यावर ते ठरतं. जे घर हप्त्यावर उभं आहे आणि ज्याचा मालक शंभर किलोमीटर लांब आहे, ते दर शनिवारी भरलंच पाहिजे. ही सक्तीच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. म्हणून नव्या गुंतवणूकदाराला माझं सांगणं आहे की गृहकर्ज काढून पर्यटकांसाठी घर घेऊ नका. सरकारला आणि बँकांना सांगणं आहे की मालक राहतो ते घर आणि मालक राहत नाही ते घर, यांना एका मापाने मोजू नका.

आधी हिशेब मांडते, कारण या वादात हिशेब कुणीच मांडत नाही. समजा, जागेसकट बंगला 1 कोटीला पडला. बँक 75 लाख देते. व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता होतो साधारण 67,500 रुपये, म्हणजे वर्षाला 8 लाख 10 हजार. आता उत्पन्न. रात्रीचं भाडं 8,000 धरू. अॅपचं कमिशन 15 टक्के आणि बुकिंग, चावी, साफसफाई बघणाऱ्या माणसाचे 20 टक्के गेले की हातात उरतात 5,200. केअरटेकरचा पगार, वीज, चादरी-टॉवेलची धुलाई, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला सव्वातीन लाख धरले, तरी हप्त्यासकट 11 लाख 35 हजारांच्या घरात खर्च जातो. तो भागायला वर्षातल्या जवळपास 218 रात्री घर भरलेलं हवं. आणि वर्षातले शुक्रवार-शनिवार किती? 104. त्यातही पावसाळ्यात गेटवेहून येणाऱ्या मांडव्याच्या लाँच बंद असतात. परीक्षांचा मार्च आहे, पितृपक्ष आहे. वर्षभर एकही शुक्रवार-शनिवार रिकामा गेला नाही असं धरलं तरी वर्षाला सहा लाखांच्या आसपास पगारातून घालावे लागतात. माझ्या भाच्याने हे आकडे मांडलेच नव्हते. त्याला कुणीतरी एका कार्यशाळेत सांगितलं होतं, "घर स्वतःचा हप्ता स्वतः फेडतं."

तूट पडली की माणूस काय करतो? दुष्ट होत नाही. तो फक्त नाही म्हणायचं थांबतो. सहा जणांच्या घरात चौदा जणांचा गट येतो म्हणाला, तर हो. रात्री दोनपर्यंत स्पीकर लावू म्हणाले, तर केअरटेकरला फोन, "जरा सांभाळून घे." पोहण्याचा तलाव असल्याशिवाय बुकिंग येत नाही, म्हणून तलाव. तलावाला पाणी हवं, म्हणून बोअर, आणि समुद्राच्या कडेला बोअर खोल नेली की गोड्या पाण्याखालचं खारं पाणी वर येतं. मग शेजारच्या वाडीतली विहीर मचूळ होते आणि ज्याची ती विहीर, त्याला पाण्याचा टँकर मागवावा लागतो. यातल्या कुठल्याच टप्प्यावर भाच्याने गावाचं वाईट चिंतलेलं नाही. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून साडेसदुसष्ट हजार जाणार आहेत, एवढंच त्याला दिसतं.

माझ्या माहेरच्या मातीत या गोष्टीला एक जुना दाखला आहे. अलिबागजवळच्या चरी गावाच्या परिसरात 1933 ते 1939 अशी सहा वर्षं कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, खोतांच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या विरोधात संप केला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांनी जमिनी कसायचं बंद केलं, लाकूडफाटा विकून दिवस काढले, उपाशी राहिले, पण मागे हटले नाहीत. डॉ. आंबेडकरांनी त्यांना साथ दिली आणि 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्या लढ्यात खोत परका होता का? नव्हता. बहुतेक खोत याच मुलखातले, हीच भाषा बोलणारे. दोष त्यांच्या जातकुळीपेक्षा त्या रचनेत होता. वर सरकारला भरायचा सारा ठरलेला, खाली कुळाकडून जमेल तेवढं काढायचं. पीक बुडालं तर तोटा कुळाचा. वर बांधलेला भरणा आणि खाली ताणलेली वसुली, हे जिथे जिथे जुळतं तिथे चांगला माणूसही वाईट वागू लागतो. आजचा केअरटेकर वेठीला बांधलेला नाही, तो नोकरी सोडू शकतो, हे मला कळतं. तुलना ताणायची नाही. पण हप्ता ही वर बांधलेली गोष्ट आहे आणि पाणी, झोप, रस्ता या खाली ताणल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत, हे साम्य मला डोळ्यांआड करता येत नाही. त्या लढ्यानंतर कूळकायदा आला, 1957 च्या 1 एप्रिलला कसणाऱ्याला जमिनीची मालकी देणारं कलम लागू झालं, आणि ज्या सातबाऱ्यावर कुळाचं नाव चढायला एवढी वर्षं लागली, त्यातले कित्येक सातबारे आता प्लॉटचे नकाशे होऊन जाहिरातीत येतात. मला त्याचं वाईट वाटतं. पण नुसतं वाईट वाटणं म्हणजे युक्तिवाद नव्हे.

कारण समोरच्या बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. पहिला मुद्दा असा की हे लोक आले नसते तर ही घरं पडलीच असती. हे खरं आहे. कोकणातल्या कुठल्याही गावात फिरा. दर चार घरांआड एक कुलूपबंद असतं. वासे वाळवीने पोखरलेले, कौलं सरकलेली, शाकारणी करायला माणूस नाही. मुंबईला गेलेली पिढी गणपती-शिमग्याला येते आणि परत जाते. पर्यटनाचा पैसा आला म्हणून गवंडी, सुतार, वायरमन, रिक्षावाला यांना गावातच काम मिळालं. नागाव-आक्षीच्या बाजूला कित्येक बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. दुसरा मुद्दा विक्रीचा. मुलीचं लग्न, मुलाचं इंजिनिअरिंग किंवा आईचं ऑपरेशन समोर उभं असताना एखाद्याने दहा गुंठे विकले, तर त्याला "माती विकली" म्हणायचा हक्क कुणाला आहे? ज्यांनी स्वतः चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलं, त्यांना तर नाहीच. आणि तिसरा मुद्दा मला सगळ्यात बोचतो. गाववालेही काही संत नाहीत. धाकट्याच्या दोन खोल्यांचं सांडपाणी कुठे जातं, हे मी विचारलं तेव्हा तो गप्प बसला. शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही माझं मत बदलत नाही, आणि कारणं सांगते.

घरं पडत होती हे खरं, पण हप्त्यावरचा पैसा त्या पडक्या घरांत गेलाच नाही. तो गेला नव्या प्लॉटवर, नव्या सिमेंटमध्ये. ते का घडलं, हे बँकेत बसलेल्या माणसाला नीट माहीत असतं. बिनशेती प्लॉट, मंजूर नकाशा, एकाच माणसाचं नाव अशी फाइल टेबलावर आली की कर्ज चटकन मंजूर होतं. गावठाणातलं चिऱ्याचं घर आलं की सगळं अडतं. नकाशा नाही. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, वारस अकरा, त्यातले दोन परदेशात आणि एकाशी बोलणं बंद. मी स्वतः अशा कित्येक फाइली परत पाठवल्या आहेत आणि नियमाने वागले म्हणून समाधानही मानलं आहे. त्याचा परिणाम काय झाला? ज्या गावात पडायला आलेली घरं आहेत, तिथे आम्ही 75 लाख नव्या बंगल्याला सहज दिले आणि छप्पर बदलायला मागितलेले 8 लाख नाकारले. तेव्हा "आम्ही आलो म्हणून घरं वाचली" हे म्हणणं अर्धवट आहे. रोजगार आला, घरं वाचली नाहीत.

विकणाऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल दुमत नाही. पण विकणं हा एकच मार्ग ज्याच्यासमोर उघडा असतो, त्याच्या निर्णयाला पूर्ण स्वतंत्र कसं म्हणायचं? जमीन विकायला गिऱ्हाईक दारात येतं, दुरुस्तीला कर्ज मिळवायला मात्र वर्षभर तलाठी कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात. दोन्ही दारं सारख्याच सहजपणे उघडू देत, मग कोण काय निवडतो ते पाहू.

सांडपाण्याचा मुद्दा तर माझ्याच बाजूने बोलतो. धाकट्याचा शोषखड्डा चुकीच्या जागी आहे, पण त्याच विहिरीचं पाणी त्याची मुलगी पिते. त्याला आज ना उद्या तो हलवावाच लागेल. शेजारची काकू त्याला रोज सकाळी भेटते आणि रोज ऐकवते. पुण्यात बसलेल्या मालकाला कोण ऐकवणार? त्याला पाहुण्याने दिलेले तारे दिसतात, काकूचा चेहरा दिसत नाही. जो राहतो तो चुकला तरी त्याची चूक त्याच्याच अंगणात फिरून येते. मी रहिवासाला एवढं महत्त्व देते ते याचसाठी. गाववाल्याच्या चांगुलपणावर माझा विशेष भरवसा आहे असं नाही.

आणि रहिवासाची अट ही काही माझ्या डोक्यातून निघालेली अजब कल्पना नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे वर्गीकरणात मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणं अपेक्षित आहे आणि भाड्याच्या खोल्या सहापर्यंतच. आपल्या एमटीडीसीची निवास व न्याहारी योजनाही राहत्या घरातल्या जादा खोल्या पाहुण्यांना द्याव्यात याच विचारातून आली. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर 2023 पासून नियम कडक केले, तेव्हा 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमान घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच, हीच अट पकडली. बार्सिलोनाने 2024 मध्ये त्याहून पुढे जाऊन 10,000 हून अधिक पर्यटक फ्लॅटांचे परवाने 2028 पर्यंत संपवण्याची घोषणा केली. आपल्याकडे मात्र 'होमस्टे' हा शब्द इतका सैल झाला आहे की आठ बेडरूम, तलाव, डीजे आणि मालकाचा पत्ता नाही, अशा जागेवरही तो दिमाखाने लिहिलेला असतो. मालक राहत नसेल तर त्या जागेला लॉज म्हणा. लॉज चालवणं हा चांगला, मानाचा धंदा आहे. पण मग त्याची नोंदणी, वीजदर, घरपट्टी, अग्निसुरक्षा आणि कर्जही धंद्याचंच हवं. राहत्या घराच्या सवलती अंगावर घेऊन लॉज चालवणं हा शेजारच्या खऱ्या न्याहारी निवासावरही अन्याय आहे, कारण तो त्याच गिऱ्हाइकासाठी त्याच शनिवारी झगडतो.

बार्सिलोनाचं नाव घेतलं की ओटीवरचा धाकटा टाळ्या वाजवेल. तिथे मी त्याच्याबरोबर नाही. सरसकट बंदी आपल्याला परवडणार नाही, आणि याचाही धडा आपल्याच इतिहासात आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचा हेतू चांगला होता. भाडेकरू रस्त्यावर येऊ नये, म्हणून भाडी गोठवली. पण गोठलेल्या भाड्यात जिना दुरुस्त होईना, मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली, पागडी फोफावली, आणि 1969 मध्ये सरकारला उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला. दर पावसाळ्यात गिरगाव-भेंडीबाजाराकडे काळजीने बघायची वेळ मुंबईवर आली ती अशी. घराला जगायला उत्पन्न लागतं. ते तोडलं तर घर पडतं, मग त्यामागचा हेतू कितीही सात्त्विक असो. बार्सिलोनात प्रश्न रहिवाशांना भाड्याने घर न मिळण्याचा होता. आमच्या गावात कित्येक घरं रिकामी आहेत. दुखणं वेगळं, तर औषधही वेगळं हवं.

आता कुणी म्हणेल, कर्जाशिवाय कुठला धंदा उभा राहिला? बरोबर. मी कर्जाच्या विरोधात असते तर ती नोकरी कशाला केली असती? प्रश्न कर्ज कशासाठी आणि किती, याचा आहे. धाकट्याने घर दुरुस्त करून आणखी दोन खोल्या काढायला 10 लाख घेतले, साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी, तर हप्ता येतो 16,900 च्या आसपास. खोलीला रात्रीचे 2,500 रुपये आणि दोन खोल्या धरल्या, तर एका भरलेल्या शनिवार-रविवारचे 10,000 होतात. वर्षातले निम्मे शनिवार-रविवार कोरडे गेले तरी 2 लाख 60 हजार येतात आणि 2 लाखांचा हप्ता सुटतो. जेवणाची कमाई वेगळी. म्हणून त्याला नाही म्हणता येतं. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या गटाला तो फोनवरच "जागा नाही" सांगतो. माझ्या मते धंद्याची तब्येत पाहायची तर मालक नको असलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो का, एवढंच बघावं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जांची घोषणा झाली ती मला याच कारणाने आवडली. छोटं कर्ज, असलेल्या घरासाठी.

ज्यांना हे अजून पुस्तकी वाटतं, त्यांनी 2020 आठवावं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. माझ्या भावाच्या वाडीतली पन्नास वर्षांची पोफळीची बाग एका दुपारी आडवी झाली, अर्ध्या घराची कौलं उडाली. पण त्या घराला हप्ता नव्हता. भावाने कौलं गोळा केली, ताडपत्री बांधली, तांदूळ घरचा होता, मासळी मिळत होती. त्याच काळात हप्ते थांबवण्याची सवलत ऑगस्टअखेरपर्यंत मिळाली खरी, पण व्याज थांबलेलं नव्हतं, आणि माझ्या ओळखीच्या तिघांनी पुढच्या वर्षात आपले बंगले मिळेल त्या भावात विकले. घ्यायला आले ते ज्यांच्याकडे रोख होती असे, म्हणजे आणखी लांबचे, आणखी मोठे.

ओटीवरचा वाद त्या रात्री मिटला नाही, पण पांगापांग झाल्यावर भाचा माझ्याजवळ येऊन बसला. "आत्या, मग मी आता काय करू?" त्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते. तो बंगला एक वर्षासाठी एखाद्या कुटुंबाला साध्या भाड्याने दे. अलिबागला बदलीवर येणारे डॉक्टर, शिक्षक, कंपन्यांतले लोक घर शोधत असतात. महिन्याचं भाडं हप्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही येणार नाही, पण केअरटेकर, धुलाई, कमिशन सगळं सुटेल आणि आज किती तूट आहे ते स्वच्छ दिसेल. मग विकायचा की ठेवायचा ते ठरव. आणि खरंच पाहुणे ठेवायची हौस असेल तर हे घर आहे. माजघर, दोन बाळंतिणीच्या खोल्या, मागची पडवी, वर माळा. सागवानी तुळया अजून ठणठणीत आहेत, वासे मात्र बदलावे लागतील. जमीन चुना घालून नीट केली आणि शौचालयाची टाकी विहिरीच्या उताराच्या विरुद्ध बाजूला बांधली, तर तीन खोल्या सहज निघतील. राहायला धाकटा आहेच. पैसा तुझा, राबणं त्याचं, हिशेब अर्धा-अर्धा आणि कागदावर लिहिलेला.

तो म्हणाला, "पण हे घर कुणा एकाच्या नावावर आहे कुठे?" 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचं ड्रोनने मोजमाप झालं आणि आमच्या गावाची मालमत्ता पत्रकं तयार झाली. आमच्या घराच्या पत्रकावर सात नावं आहेत. पाचवं माझं आहे. मुलींनाही वारस म्हणून धरलं जाऊ लागल्यामुळे ते तिथे चढलं, आणि आजवर मी त्याचा कशालाच उपयोग केला नव्हता. दिवाळीनंतर मी उरलेल्या सहा जणांना पत्रं लिहिली. घर विकायचं नाही, वाटणीही मागायची नाही, फक्त दुरुस्तीच्या कर्जाला आणि दोघा मुलांच्या कराराला संमती हवी. चार सह्या आल्या आहेत. ठाण्याच्या काकांना भेटायला मी येत्या रविवारी जाणार आहे, सोबत दोघांनाही घेऊन.